चौकातल्या फळ्यावरची दुसरी ओळ

दिगंबर रिसबूड यांचं अक्षर इतकं सुरेख होतं की लोक त्यांचा मजकूरही खपवून घेत. आमच्या सदाशिव पेठेतल्या चौकात मंडळाचा काळा फळा होता. त्यावर रोज सकाळी ते चार ओळी लिहीत, एखादी बातमी आणि तिला लागून एखादा चिमटा. पासष्ट सालापासून सत्त्याऐंशीपर्यंत, म्हणजे बावीस वर्षं. मानधन काही नाही, गणपतीत मंडळाकडून एक नारळ मिळायचा. नोकरी जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या एका सरकारी कचेरीत, कारकुनाची. मूल एकच झालं होतं, मुलगा. तो पंचावन्न साली सात महिन्यांचा असताना जुलाबांनी गेला. त्याबद्दल ते किंवा त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई कधी बोलल्याचं कुणाला आठवत नाही. सत्त्याऐंशीत ते निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांच्याकडे करण्यासारखं काम उरलं ते फळ्याचं.

खडू ते रात्रभर पाण्यात भिजवून ठेवत. ओल्या खडूचं अक्षर लिहिताना जवळजवळ दिसत नाही, पण वाळलं की पांढरं स्वच्छ उठतं आणि दिवसभर टिकतं. त्यामुळे दुधाच्या पिशव्या हातात घेतलेली माणसं मजकूर उमटायची वाट बघत फळ्यासमोर उभी असायची. रिसबूड तोवर नळावर हात धुवायचे आणि कुणाशी बोलायचे नाहीत. सुहासिनीबाई मात्र फळ्याकडे कधी बघत नसत. घरात ऐकते तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी तेव्हा मंडळाचा कार्यवाह होतो. वय पस्तीस, आणि स्वतःला जरा जास्तच शहाणा समजत होतो.

सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात विश्वचषकाचा इंग्लंड-श्रीलंका सामना पुण्यात, नेहरू स्टेडियमवर होणार होता. आमचे अध्यक्ष श्यामराव, ज्यांचं चौकातच स्कूटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, त्यांनी रिसबुडांना सांगितलं की लंकेवर काहीतरी झणझणीत लिहा. एवढासा देश, चालला विश्वचषक जिंकायला, अशा धर्तीवर. रिसबूड म्हणाले, बघतो.

सामन्याच्या आदल्या दिवशी फळ्यावर उमटलं ते असं: ‘श्रीलंकेच्या पाहुण्यांचे स्वागत. दोन्ही देश सहा महिन्यांच्या अंतराने स्वतंत्र झाले. हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी मुले: भारत सत्त्याण्णव, श्रीलंका एकाहत्तर. क्रिकेटचे नंतर बघू.’

महापालिकेला काढलेल्या चिमट्यांवर हसणारी माणसं या वेळी हसली नाहीत. आपले जवान तेव्हा श्रीलंकेतल्या जाफन्यात लढत होते, पेठेतल्याच एका घरातला मुलगा तिकडे होता. त्याचे काका दुपारी श्यामरावांच्या दुकानात येऊन बरंच बोलून गेले. श्यामरावांनी रिसबुडांना बोलावून घेतलं. आकडा सिद्ध करा, नाहीतर चुकला असं लिहा, आणि दोन्ही जमत नसेल तर उद्यापासून फळा दुसरं कुणीतरी लिहील, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी शेजारी बसून मान डोलावली. रिसबुडांचा चेहरा उतरला. फळा गेला तर त्या माणसानं सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न माझ्याही मनात आला. मी तो बोलून दाखवला नाही.

ते तडक ग्रंथालयात निघाले. साक्षीदार म्हणून श्यामरावांनी मला सोबत पाठवलं. रिसबुडांनी आदल्या दिवशी पाहिलेलं आकडेवारीचं जाडजूड वार्षिक पुन्हा मागवलं, पान काढलं, आणि बघता बघता त्यांचे कान लाल झाले.

आकडा खरोखरच चुकला होता. रोज सकाळी रेडिओ सिलोन लावून दाढी करणाऱ्या या माणसाच्या डोक्यात त्या देशाचं नाव अजून सिलोनच होतं. त्यांनी कपाटात सिलोन शोधलं, आणि ते ज्या ग्रंथात सापडलं तो अर्थातच जुना होता. एकाहत्तर हा आकडा पंचावन्न सालचा होता. श्रीलंका या नावाखालचा ताजा आकडा शेजारच्याच खंडात होता आणि तो त्याच्या निम्म्यावर आला होता.

“नोकरीच्या पस्तीस वर्षांत साल न बघता एक आकडा उतरवला नाही मी,” रिसबूड म्हणाले. त्यांना मनापासून लाज वाटत होती. मला मात्र हायसं वाटलं. मी म्हटलं, सुटलात की. कालचा आकडा चुकीचा होता एवढीच एक ओळ लिहा. फळा तुमच्याकडे राहील आणि ते खोटंही होणार नाही.

“खोटं नाही, खरंय,” असं म्हणून त्यांनी ग्रंथ मिटला. मी येऊन श्यामरावांना सांगितलं की मिटलं.

दुसऱ्या दिवशी श्यामराव सकाळीच फळ्यासमोर हजर होते. पहिली ओळ वाळून वर आली: ‘चूक दुरुस्ती. काल लिहिलेला श्रीलंकेचा आकडा चुकीचा होता.’ श्यामरावांनी समाधानानं मान हलवली आणि ते दुकान उघडायला वळले. रिसबुडांचा हात खाली अजून चालला होता. मला वाटलं सही करताहेत. त्यांनी खडू ठेवला, हात धुतले, आणि मग दुसरी ओळ हळूहळू उमटली: ‘तो १९५५ सालचा होता. त्यांचा आजचा आकडा त्याच्या निम्मा आहे. आपण अजून त्यांच्या १९५५ पर्यंतही पोचलेलो नाही.’

श्यामराव परत आले, त्यांनी वाचलं आणि मला फडकं ओलं करायला सांगितलं. मी केलं.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन सुहासिनीबाई आल्या. गर्दी बघून थांबल्या आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी फळा वाचला. दोन्ही ओळी, सावकाश.

“अहो, पंचावन्न?” त्यांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग माझ्या हातातल्या फडक्याकडे त्यांचं लक्ष गेलं. “श्रीनिवास, तुझं वाचून झालं असेल तर पूस,” त्या म्हणाल्या आणि रिसबुडांबरोबर घराकडे चालू लागल्या.

मी पुन्हा वाचलं आणि फडकं बादलीत टाकलं. फळा श्यामरावांनी स्वतः पुसला. पुढच्या दिवसापासून लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते घेतलं, याची मला आजही लाज वाटते. पहिल्या दिवशी मी सामन्याचा निकाल लिहिला. श्रीलंका हरली होती. मी कोरड्या खडूनं लिहिलं होतं, दुपारपर्यंत ते पुसट झालं.