आर्मंड थेरियोने जोडलेली तेलाची नळी

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या या गावात आर्मंड थेरियोला येत नाही असं कामच नाही, असं आर्मंडचं मत. छप्पर त्याने घातलं, ते गळतं. होडी त्याने बांधली, तिच्याखाली आता कोंबड्या राहतात. त्यामुळे तळघरात घर तापवायची नवी भट्टी आली तेव्हा टाकीपासूनची तेलाची नळी त्याने स्वतःच जोडली.

मी शेजारीण. बघायला गेले आणि कपाळावर हात मारला.

"अरे, तांब्याच्या नळीचं तोंड फुलवून नटात बसवायचं असतं. हे नुसते रिंग दाबून बसवायचे जोड तेलाला चालत नाहीत. भट्टी थरथरली की ढिले होतात. माझ्याकडे आलेला मेकॅनिक ओरडून सांगत होता."

"मेकॅनिक ओरडायचेच पैसे घेतो," आर्मंड म्हणाला. "पांढरी टेप गुंडाळलीय की चांगली."

जोड अर्थातच ठिबकू लागला. आमच्याकडे गळतीखाली कॉफीचा रिकामा डबा ठेवला की गळती मिटली असं धरतात. आर्मंड तर डबा भरला की टाकीत परत ओतायचा. वर शहाणपण, "एक थेंब वाया जात नाही बघ."

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला त्याची मुलगी सेलेस्ट येऊन गेली, तेव्हा पोटुशी होती. बाळंत झाल्यावर तिने फोनवर साफ सांगितलं, "बाबा, माझ्या केसांतला तेलाचा वास आठवडाभर गेला नाही. घरात तेलाचा वास असेल तर बाळाला आत आणणार नाही."

आर्मंडला बायको नाही, दुसरं मूल नाही. या नातवासाठी त्याने पाळणासुद्धा केला होता, आणि खोटं कशाला बोलू, तो मात्र सुरेख झाला होता. पण जोड बदलणं म्हणजे चूक कबूल करणं. त्यापेक्षा त्याने फर नावाच्या झाडाची सुईसारखी सुवासिक पानं भरलेल्या उशा आणल्या आणि खोल्याखोल्यांत मांडल्या. घराला रॉकेल पाजलेल्या जंगलाचा वास येऊ लागला.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी सेलेस्ट आली. दारातच तिने श्वास घेतला, बाळाच्या तोंडावर शाल ओढली आणि तशीच माझ्या घरी आली.

मागोमाग आर्मंड. "दे ना गं, जरा घेऊ दे."

"हात धुऊन या."

त्याने धुतले. तिने हुंगले. "अजून येतोय."

पुन्हा धुतले, मग माझ्या भांड्यांच्या घासणीने. बोटं लाल झाली, वास गेला नाही. शेवटी हात पाठीमागे बांधून तो सेलेस्टच्या खुर्चीजवळ वाकला आणि नुसता बघत राहिला. बाळाने त्याच्याकडे पाहून मूठ उघडली. मला त्याचा राग आला होता, तरी मी त्याच्यासाठी शेजारी एक स्टूल सरकवलं.

"तुझ्या त्या मेकॅनिकचा नंबर दे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"उद्या नाताळ आहे. तो परवाशिवाय यायचा नाही."

"मी परवाच जाणार," सेलेस्ट म्हणाली.

आर्मंडने तरी नंबर लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला कुणाची विनवणी करताना ऐकलं.