हलकी मखरं, जड भाडं

सावंतकाकूंनी दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकले. डोंबिवलीतलं वन रूम किचन, आणि हॉलमध्ये जमिनीपासून पंख्यापर्यंत खोकी. मोजून चाळीस.

"आठ दिवस झाले गं, आम्ही चौघं किचनमध्ये झोपतोय," काकू हसत म्हणाल्या.

मला कसलं हसू येतंय! मी ट्रान्सपोर्टमध्ये बुकिंग बघते. खोक्यांत गणपतीची कापडी मखरं होती, इंदूरच्या मराठी मंडळींसाठी. काकूंची महाराष्ट्राबाहेरची पहिली ऑर्डर. फोनवर मी फक्त वजन विचारलेलं. "चारशे किलो," त्या म्हणाल्या, आणि मी रेट सांगून मोकळी. तोच धरून त्यांनी इंदूरला भाव पक्का केलेला.

पार्ट लोड म्हणजे पूर्ण गाडी न घेता इतरांच्या मालासोबत आपला माल पाठवायचा. भाडं वजनावर. पण माल हलका आणि ऐसपैस असेल तर जागेवर. आमच्याकडे एका घनफुटाला सात किलो धरतात, मग आत कापूस भरा नाहीतर लोखंड. मी टेप लावली. एक खोकं नऊ घनफूट. चाळिसांचे झाले अडीच टन! म्हणजे भाडं सहापट. काकूंची दोन महिन्यांची मेहनत त्यातच जाणार होती, आणि चूक शंभर टक्के माझी.

आमच्या ट्रान्सपोर्टच्या मालकांना, शेठना फोन लावला.

"अगं, पाच वर्षं झाली तुला! माप न घेता रेट देतात का? आणि आज इंदूरच्या गाडीत जागाच नाही. पंपाच्या पार्टीने फुल केलीय."

"वजनाने फुल की जागेने?"

"वजनाने. पाचशे किलो बाकी असतील."

मखरं तर चारशेच किलोंची! रिक्षा पकडून मी थेट एमआयडीसीत, गाडी भरत होती तिथे. गाडीत चढून बघते तर काय, पंपांच्या लाकडी पेट्या जेमतेम कंबरेपर्यंत. वरती सगळं मोकळं!

"शेठ," मी फोनवर ओरडलेच, "तुम्ही इंदूरला फुकट हवा पाठवताय! त्यापेक्षा मखरं पाठवा!"

शेठ हसायलाच लागले. "घाल बाई, घाल. सांगितलेल्या रेटनेच घाल."

काकूंकडची खोकी टेम्पोने आणली, पेट्यांवर प्लायवूड टाकलं. चाळीसच्या चाळीस खोकी बसली. गाडीला परवानगी सात टन मालाची, गाडीचं वजन वजा जाता काट्यावर माल भरला सहा टन नऊशे. मी तिथेच टाळ्या वाजवल्या, ड्रायव्हर बघतच राहिला.

संध्याकाळी काकूंचा फोन. "अगं, हॉलमधला पंखा लावला आज!"

तेव्हापासून कुणी फोनवर किलो सांगितले की मी आधी विचारते, "ते राहू दे, घरात झोपायला जागा उरलीय का?"