रनिंगमधलं इंजिन आणि तलावाची ओटी

नवं इंजिन रनिंगमध्ये असताना पळवायचं नसतं. आमच्या गावात ज्यानं ज्यानं ट्रॅक्टर घेतला, मोटरसायकल घेतली, त्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. गाडी दारात आली की हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि पुढं बरेच दिवस घरातली म्हातारी माणसं बजावत राहतात, की रनिंगमध्ये आहे, दमानं घे. तीच गोष्ट मुठीएवढ्या इंजिनाबद्दल सांगायला गेलं की मात्र लोकांना हसू येतं. मी सांगून सांगून थकलो आणि मग सांगायचंच सोडून दिलं.

माझं इंजिन मुठीएवढंच. दीड हात लांबीच्या मॉडेल होडीत बसणारं. काठावर उभं राहून रिमोटनं चालवायची ती होडी. बायको तिला खेळणं म्हणते, आणि तीस वर्षं मी तो शब्द दुरुस्त करत आलोय. हे इंजिन पेट्रोल पीत नाही. त्याला नायट्रो लागतं, म्हणजे स्पिरिटसारखं इंधन आणि त्यात एरंडेल. ते मी ओळखीच्या टेम्पोवाल्याकडून पुण्याहून मागवतो. लहानपणी ज्याला नाक दाबून एरंडेल पाजलंय, त्याला त्या धुराचा वास आला की अजूनही पोटात कसंसंच होतं. मला तर दोन्ही होतं, पोटात कसंसं आणि मनात बरं.

तीस वर्षांत माझ्याकडं आलेली सगळी इंजिनं दुसऱ्यांनी वापरून झिजवलेली होती. कुणाचा छंद सुटला, कुणाची बदली झाली, कुणाचं पोरगं कंटाळलं, की ते इंजिन कागदात गुंडाळून माझ्याकडं यायचं. त्यांना चालतं ठेवणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला औताला जुंपण्यातला प्रकार होता. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा खोक्यातलं, कोरं, कुणाचाही हात न लागलेलं इंजिन घेतलं. ते पळवण्याची मला हौस नव्हती. मला ते शांतपणे, त्याच्या चालीनं, नीट रनिंगमधून बाहेर काढायचं होतं. बस, एवढीच इच्छा होती.

कारण आयुष्यभर मी घाईत होतो आणि ती घाई कधीच माझी नव्हती. शेवगावपासून तासाभराच्या अंतरावरच्या या गावात विज्ञान शिकवलं ते परीक्षेच्या आधी पोर्शन उरकायचा म्हणून. जनगणना, निवडणुका, पोषण आहार, सगळ्याची माहिती कालच्या कालच हवी असायची. आमचं लग्नसुद्धा पुढचा मुहूर्त लांब पडतो म्हणून आठवड्यात उरकलं. शाळेनं निरोपसमारंभ केला तेव्हा प्रमुख पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं, म्हणून माझं भाषण मीच अर्ध्यात आवरलं. सावकाश करा, असं मला कुणी म्हटल्याचं आठवत नाही. बायकोनंही नाही, तिला तरी कुठं वेळ होता.

तर ते इंजिन. नव्या इंजिनाचं फिरकीचं चाक हातानं फिरवलं की वरच्या टोकाला ते घट्ट अडतं. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, तिथं नळीत रुतल्यासारखा बसतो. तो घट्टपणा हाच त्याचा जीव. गार असताना जबरदस्तीनं फिरवलं तर तो घासून जातो, म्हणून आधी इंजिनाला ऊब द्यायची. मग इंधन भरपूर सोडायचं, इतकं की इंजिन ठसकत, धूर ओकत, कुरकुरत चालेल. एक टाकी झाली की थांबायचं. पूर्ण गार होऊ द्यायचं. मग परत ऊब, परत टाकी. दट्ट्या आणि नळी एकमेकांना हळूहळू ओळखतात आणि मग जन्मभर साथ देतात. हे पुस्तकातलं वाक्य नाही, माझं आहे, आणि ते बोलून दाखवल्यावर बायको स्वयंपाकघरात एकटीच बराच वेळ हसत होती.

ऊब देण्याचं काम तिचंच. तव्यावर फडकं गरम करून ती अंगणात आणून द्यायची आणि मी ते इंजिनाला गुंडाळायचो. शेवग्याच्या फांदीला पाण्याची बाटली टांगून सलाईनच्या नळीनं इंजिनाला थंड ठेवायला पाणी सोडलेलं असायचं. हा सगळा थाट बघून ती म्हणाली, "बाळंतीन बरी. तिचं सव्वा महिन्यात तरी आटपतं."

पण फडकं आणायची ती रोज. आणि आवाज ऐकून आज ठसका कमी हाय का जास्त, हेही सांगायची. मला ते फार बरं वाटायचं.

त्या वर्षी परतीच्या पावसानं गावाचा पाझर तलाव सांडव्यावरून वाहिला. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. माझी बायको श्रीगोंद्याकडची, कालव्याच्या पाण्यावर उसात वाढलेली. या कोरड्या गावात सून म्हणून आली आणि पहिली कितीतरी वर्षं टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभी राहिली. तलाव भरला त्या दिवशी ती दुपारच्या उन्हात बांधावर जाऊन नुसती पाणी बघत बसली होती.

मग सरपंच आला. हा माझा जुना विद्यार्थी. तेव्हाही उत्तर माहीत नसताना सगळ्यांत आधी हात वर करायचा. जलपूजनाला तालुक्याचे साहेब येणार होते आणि त्याच्या डोक्यात कल्पना शिरली होती: तलावाची ओटी माझ्या होडीतून पाण्यात न्यायची आणि होडी साहेबांच्या शुभहस्ते चालवायची. खण, खोबऱ्याची वाटी, बांगड्या, तांदूळ, सगळं छोट्या टोपलीत. होडी पाण्यात एक फेरी मारून काठाला येईल आणि मग बायका ओटी पाण्यात सोडतील. मी म्हणालो, इंजिन रनिंगमध्ये आहे, अजून बऱ्याच टाक्या बाकी आहेत. त्याला पटकन समजलं, कारण त्याच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा होता. समजूनही तो म्हणाला, "सर, सायेब फकस्त चाप दाबत्याल. हळू न्या म्हनून सांगू की. गावाचं नाव हुईल."

नाही म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण आतून बायको चहा घेऊन आली आणि तिला ते सगळं ऐकू गेलं होतं. होडी आमची म्हणून ओटी भरायचा मान तिला, असं सरपंचानं तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आमच्या लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहिलंय. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. मी चहा प्यालो आणि बरं म्हणालो.

पण मीही इतकी वर्षं पोरांना विज्ञान शिकवलंय. रिमोटचा चाप जेवढा दाबू तेवढी होडी पळते. मी त्या दिवशी सकाळी जुन्या स्लीपरचा रबरी तुकडा कापला आणि चापाच्या मागं गच्च बसवला. आता साहेबांनी कितीही जोर लावला तरी चाप पाव भागापुढं जाणार नव्हता. होडी हळूच जाईल, हळूच येईल, साहेबांचा मान राहील आणि माझं इंजिनही राहील. स्वतःच्या हुशारीवर मी एवढा खूश होतो की ही गोष्ट कुणाला सांगायचं सुचलंच नाही. बायको पहाटेपासून ओटीच्या तयारीत होती, तिला काय सांगायचं.

बांधावर मंडप, माईक, सतरंज्या. साहेब उशिरा आले. रिमोट पूजेच्या ताटात ठेवला होता. मी पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उतरलो, होडी हातात धरली आणि खूण मिळताच इंजिन सुरू केलं. ठसकत, कुरकुरत, ठरल्याप्रमाणं सुरू झालं. साहेबांनी रिमोट घेतला आणि फोटो सुरू झाले. मग कुणीतरी म्हणालं दोन शब्द बोला, आणि साहेब माईकपाशी जाऊन पाण्याचं महत्त्व सांगायला लागले.

होडी चालत असली तरच तिच्या इंजिनाला खालून थंड पाणी मिळतं. उभी असली की इंजिन आपल्याच उष्णतेत तापत राहतं. मी पाण्यात उभा, हातात होडी, आणि एरंडेलाचा वास बदलत चाललेला. करपट होत चाललेला. बंद करावं तर पुन्हा सुरू करायला वेळ लागणार आणि साहेबांचा खोळंबा होणार. सरपंचाकडं बघून मी मान हलवली, त्यानंही हसून मान हलवली. मी मनाला समजावलं, की ठीक आहे, चापामागं रबर आहे, पुढं हळूच जायचंय.

साहेब आले, टाळ्या झाल्या, आणि त्यांनी चाप दाबला. पूर्ण दाबला.

होडी माझ्या हातातून निसटली. जो आवाज महिनाभर मी येऊ दिला नव्हता, तो उंच, चिरका आवाज तलावभर घुमला. लोक उभे राहिले, पोरं शिट्ट्या मारायला लागली. होडी पाणी कापत सरळ मधोमध गेली आणि तिथं आवाज एकदम तुटला. इंजिन जाम झालं. होडीनं नाक पाण्यात खुपसलं, टोपली पुढं घसरली आणि खणा-खोबऱ्यासकट तलावाच्या बरोबर मध्यावर पाण्यात पडली.

बोलाफुलाला गाठ पडते ती अशी. साऱ्या गावाला वाटलं, हे असंच ठरलं होतं. टाळ्या थांबेनात. बायकांनी हात जोडले. साहेबांनी मला पाण्यातून वर बोलावून शाल दिली आणि माईकवरून म्हणाले, की गुरुजींनी ओटी नेमकी तलावाच्या उदरात पोचवली. मी शाल घेतली. माझे पाय चिखलानं भरलेले होते आणि मला फक्त बसायचं होतं.

एक जण ट्रकच्या ट्यूबवर बसून गेला आणि होडी घेऊन आला. इंजिनाचं चाक फिरेना. रिमोट माझ्या हातात आला तेव्हा त्यावर हळद-कुंकू होतं आणि चापामागं काही नव्हतं. मला वाटलं हे सरपंचाचंच काम. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन, तो सरपंच आहे हे विसरून, त्याला वर्गात द्यायचो तसं सुनवायचं ठरवलं. शब्दसुद्धा जुळवले.

घरी आलो तोवर इंजिन निवलं होतं. चाक पुन्हा फिरवून पाहिलं. या वेळी ते फिरलं, अगदी सहज फिरलं. वरच्या टोकाचा तो घट्टपणा गेला होता. माझ्या हातांना हे सैल फिरणं तीस वर्षांपासून ओळखीचं होतं. ते आता इतर सगळ्यांसारखंच एक झिजलेलं इंजिन झालं होतं. मी अंगणात शेवग्याखाली बसून राहिलो. रडू आलं नाही, राग मात्र आला, आणि थोड्या वेळानं रागाचाही कंटाळा आला.

बायको आली ती भरून पावलेली. बायका तिला काय काय म्हणाल्या ते सांगत होती. ओटी काठावर सोडली असती तर काठालाच लागून राहिली असती, मधोमध गेली म्हणजे पोचली, असं एक म्हातारी म्हणाली म्हणे. मग तिनं पदराची गाठ सोडली आणि रबराचा तुकडा माझ्या पुढ्यात धरला.

"ताटात देवापुढं चपलेचा तुकडा दिसला. मी गुपचूप काढला, कुनाला दिसायच्या आत. तुमचा कामाचा असंल म्हनून टाकला न्हाई."

मी तो हातात घेतला. दिवसभर जुळवलेले शब्द तोंडात होते, आणि समोर ती होती. पदराला कुंकू लागलेलं, उन्हानं चेहरा रापलेला, आणि तलावाच्या मध्यावर तिची ओटी.

"नव्हता कामाचा," मी म्हणालो. "चुकून राहिला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी होडी झाकून ठेवणार, तेवढ्यात ती नेहमीप्रमाणं तव्यावरचं गरम फडकं घेऊन आली. आज किती टाक्या करायच्या, म्हणून विचारलं. मी म्हणालो, काल फार पळालंय ते, दोन-चार दिवस राहू दे तसंच.

"ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली. "सावकाश करा. कुटं घाई हाय आपल्याला."

फडकं अजून गरम होतं. मी ते इंजिनाला गुंडाळलं आणि ती शेजारी बसली.