हिन्रिक नाखव्याचं शून्य

१९५९ साली कुक्सहाफेन बंदरात मी हिन्रिक ओल्डेनच्या माडीवर भाड्याने राहायला गेलो. पुण्याहून माशांवर डॉक्टरेट करायला आलो होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

हिन्रिक साठीचा नाखवा. भर समुद्रात मैलभर लांब दोर सोडायचा, दोराला शेकडो गळ, आणि गळाला ट्यूना, आपल्याकडचा कुपा. याला सरकारी परवाना लागे. दर जानेवारीत कचेरी पकडलेल्या माशांची वर्षभराची वही तपासून परवान्यावर नवा शिक्का मारी. परवाना स्वयंपाकघरात फ्रेम करून टांगलेला. शिक्क्यापुरता खाली उतरायचा, की पुन्हा भिंतीवर.

समुद्रात कुपा किती उरलाय, हा माझा विषय. म्हणून बंदरातल्या आठही बोटींच्या वह्या मी वाचत असे. एक गोष्ट खटकली. वाईट वर्षी प्रत्येक वहीत नेमका एकच मासा. मी हिन्रिकला विचारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," हिन्रिक म्हणाला. "एक तरी लिहायचाच. माझे वडीलही लिहायचे. कोरी वही बोटीला लाभत नाही."

"आणि तो मासा कुठे असतो?"

"तो कागदावरच पोहतो, हेर आत्माराम." हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत; आम्ही एकमेकांना तसंच म्हणत असू.

माझं डोकंच फिरलं. "ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, हेर ओल्डेन! तुमच्या या एकेका माशापायी माझं सगळं गणित बुडतंय. निदान तुम्ही तरी खरं लिहा."

बाकीचे नाखवे हसले. हिन्रिकने ऐकलं. शिकलेल्या माणसाबद्दल त्याला भाबडा आदर होता, त्याचाच मी फायदा घेतला. साठ आणि एकसष्टच्या उन्हाळ्यांत त्याला कुपा दिसलाच नाही. दोन्ही वर्षी त्याने जाड पेन्सिलीने शून्य काढलं. काढून झाल्यावर त्यावर हात ठेवून जरा वेळ बसला. मी खूश होतो.

बासष्टच्या जानेवारीत शिक्का मिळाला नाही. मी भिंतीवरची फ्रेम काढून परवाना उलटला. मागे बारीक अक्षरांत नियम होता: सलग दोन वर्षं एकही मासा न आणल्यास परवाना रद्द, पुन्हा मिळणार नाही. हिन्रिकच्या वडिलांनी कधीकाळी तो वाचला असणार. मुलापर्यंत फक्त रीत पोचली, कारण नाही. आणि जगभरचे कागद चाळणाऱ्या मला हा एक उलटून पाहावासा वाटला नव्हता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल दुसऱ्याचा होता.

"मी कचेरीत जाऊन सांगतो," मी म्हणालो, "की बाकीच्यांच्याही वह्या..."

"नाही," हिन्रिक म्हणाला. "त्यांचीही पोटं आहेत."

त्याच वर्षी, साठी उलटलेल्या वयात, तो कारखान्यात डब्यांत हेरिंग मासे भरायला लागला. माझा प्रबंध मंजूर झाला. एका बोटीचे आकडे फार विश्वसनीय आहेत, असं परीक्षकांनी मुद्दाम लिहिलं. प्रत घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्याने ओळींवरून बोट फिरवत आपल्या नावेचं नाव शोधलं, पुढची दोन शून्यं पाहिली.

"छपाई चांगली आहे," तो म्हणाला.

त्याची बायको गेशे चुलीपाशी पाठमोरी उभी होती. तिने वळूनही न पाहता विचारलं,

"एक लिहिला असता, हेर आत्माराम, तर तुमच्या समुद्राचं काय बिघडलं असतं?"

माझ्याजवळ दोनशे पानांचं उत्तर होतं. शरमेने मी खिडकीकडे वळलो. धक्क्यावर हिन्रिकची बोट एकटीच बांधलेली होती. बाकीच्या सातही समुद्रावर गेल्या होत्या.