वाहक

शीर शोधण्यात आमच्या विभागात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी आधीच सांगून टाकते. रक्तविकार विभागात याला किंमत असते. आमच्याकडे येणाऱ्या पोरांना दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. टोचून टोचून त्यांच्या शिरा दडून बसलेल्या असतात, आणि पहिल्या खेपेला सुई बसली नाही की पोर रडतं, पाठोपाठ आई रडते. माझी सुई पहिल्या खेपेला बसते. आमच्या मोठ्या डॉक्टरांची, सरांची, कधीमधी चुकते, माझी नाही. सहा वर्षांची एक मुलगी तर मी येईपर्यंत दोन्ही हात पाठीमागे बांधून बसते.

माझा दुसरा अभिमान मराठीचा. मी महाडची, चवदार तळ्यामागच्या आळीत वाढलेली, वडील शाळेत मराठी शिकवायचे. सर आणि बाकीचे ज्युनिअर डॉक्टर बाहेरगावचे. ते पेशंटशी अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी बोलतात आणि पेशंट मान डोलावत 'हो सर, हो सर' करत निघून जातात. मग मागून मी समजावून सांगायचं. शेवटी सर म्हणाले, थॅलेसेमियाची माहिती देणारं एक मराठी पत्रक तूच लिही. मी लिहिलं, आणि झकास लिहिलं. थॅलेसेमिया आईबापांकडून येतो. ज्याच्या रक्तात दोष नुसता दडलेला असतो तो माणूस धडधाकट असतो, त्याला स्वतःला काही होत नाही. इंग्रजीत त्याला कॅरियर म्हणतात. मी लिहिलं 'वाहक'. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर त्यांच्या बाळाला मोठा आजार होऊ शकतो, म्हणजे जन्मभर रक्त चढवणं आलं. किती सोपं, किती शुद्ध. सरांनी वाचून 'व्हेरी गुड' म्हटलं आणि मी शेफारले.

मागच्या हिवाळ्याच्या शेवटी पोलादपूरच्या आतल्या एका गावातून एक बाई आली. पहिलंच बाळंतपण, दिवस नुकतेच राहिलेले. लोहाच्या गोळ्या त्याआधीपासूनच खाऊन खाऊन कंटाळलेली, तरी रक्त वाढेना. तपासलं तर ती वाहक निघाली. सरांनी तिला सांगितलं, "थोडा दोष आहे, काळजी करू नका, नवऱ्याला पाठवा." चार दिवसांनी नवरा आला, साधा शर्ट-पँट घातलेला, घाईत. फॉर्मवर व्यवसायापुढे त्याने 'नोकरी' एवढंच लिहिलं, बाही वर केली, रक्त दिलं आणि गेला. माझी सुई अर्थातच पहिल्या खेपेला बसली.

त्याचा रिपोर्ट आला, तोही वाहक. बायकोला बारावा आठवडा लागलेला. म्हणजे आता पोटातल्या बाळाची तपासणी करायला हवी होती. ती मुंबईलाच होते आणि लवकर करावी लागते. वेळ जाईल तसं पुढचं सगळंच अवघड होत जातं. सरांचा दंडक आहे की असला रिपोर्ट फोनवर सांगायचा नाही, दोघांना समोर बसवून सांगायचा. पण सर दोन दिवस बाहेर होते, बाहेर रांग लागली होती, आणि मला वाटलं, मी सांगितलेलं कळणार नाही असा माणूस या तालुक्यात आहे कुठे? उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी फोन केला.

"तुमचा रिपोर्ट आला. तुम्ही वाहक आहात."

"होय मॅडम."

तो इतक्या सहज 'होय' म्हणाला की मीच चपापले. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"माहीत म्हंजे काय, आठ वर्षं झाली की."

"आणि लग्नाआधी बायकोच्या घरी सांगितलं होतंत?"

"सांगितलं म्हंजे? ते बघूनच तर पोरगी दिली."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आठ वर्षं माहीत असूनही बायकोची तपासणी करावी असं वाटलं नाही, आणि वर ही ऐट. आमच्याकडे जन्मापासून रक्त चढवून घेणारी पोरं बघितली असती तर बोलला असता का असं? मी आवाज चढवला. "मग आता मुंबईला जावं लागणार, हेही ठाऊक असेलच."

"मुंबय नेहमीचीच हाय मॅडम. आज पन तिकडंच चाललोय."

"चांगलं आहे. बायकोच्या बाबतीत उशीर करू नका," असं म्हणून मी फोन ठेवला. फाईलमध्ये लिहिलं, 'पतीला पूर्वकल्पना आहे. मुंबईला जाण्यास तयार.' खाली रेघही मारली. घरी जाऊन आईला सांगितलं की माणसं किती निर्ढावलेली असतात बघ. आई म्हणाली, "तू ऐकून घेतलंस का त्याचं?" मी म्हटलं, ऐकायचं काय त्यात.

तीन आठवडे गेले. मार्च उजाडला, वीस तारखेची चवदार तळ्यावरची गर्दी जवळ आली. आमच्या घरी त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, लांबलांबचे पाहुणे येतात. माझी स्कूटी एका मावसभावाने नेली. त्या दिवशी पोलादपूरला आमचं तपासणी शिबिर होतं, म्हणून मी एसटीच्या लाल गाडीने निघाले. गाडी भरलेली, पण पुढे एक जागा मिळाली. कंडक्टर तिकिटं देत देत माझ्यापाशी आला आणि हसला.

"रक्ताच्या मॅडम ना तुम्ही?"

मी वर बघितलं. खाकी शर्ट, खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांचं मशीन. चेहरा ओळखीचा होता, पण आठवेना.

"तुम्ही फोन केलेलात. एक विचारू काय, रागवू नका. फोन करून तुम्ही मला सांगितलंत, मी वाहक हाय म्हनून. ते कशाला?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या मागे, दाराजवळच्या त्याच्या सीटच्या वर पत्र्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'वाहक'. लहानपणापासून हजार वेळा वाचलेला शब्द. मराठीच्या मास्तरांची मुलगी मी, आणि पत्रक लिहिताना तो मला एकदाही आठवला नव्हता.

"घरी आमी लय हसलो," तो सांगत होता. "ही म्हनली, रक्ताच्या रिपोर्टात नोकरी पन कळते काय हो?"

मी घाईने विचारलं, "बायको मुंबईला जाऊन आली का?"

"ती कशाला जाईल? मीच जातो, तिकडची ड्यूटी असली की. आता तळ्याच्या गर्दीसाठी हिकडं लावलंय."

चूक कुणाची हे शोधायला मला एक क्षणही लागला नाही. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. पण लाजत बसून भागणार नव्हतं, पोलादपूर अर्ध्या तासावर होतं. मी त्याला म्हटलं, तिकिटं आटपा आणि इथे बसा. तो बसला. मी शुद्ध मराठी गुंडाळून ठेवली आणि आमच्या आळीत बोलतात तसं बोलले.

"घरी बैल आहेत?"

"होते. आता पॉवर टिलर हाय."

"बैल होते ना, मग कळेल. प्रत्येकाच्या रक्तात एक जोडी असते. एक बैल बापाकडनं, एक आईकडनं. तुमच्या जोडीतला एक अधू आहे. दुसरा धड आहे, म्हणून तुमचा नांगर चालतो, तुम्हाला कळतसुद्धा नाही. तुमच्या बायकोचंही तसंच. आता बाळाला तुमच्यातला एक मिळणार, तिच्यातला एक."

गाडी एका थांब्याला उभी राहिली, दोन माणसं चढली. त्याने न बघताच डबल बेल मारली.

"आनि दोन्ही अधूच मिळाले तं?"

"तर जन्मभर दर तीन आठवड्यांनी रक्त. चारात एकदा तसं होतं. ते आता बघायला हवं, बाळ पोटात आहे तोवर."

"आनि हे तुम्ही मला त्या दिवशी सांगितलेलंत?"

"मला वाटलं होतं, सांगितलं. चूक माझी आहे. तुमची नाही."

तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त हातातलं मशीन उलटसुलट केलं. नव्या चढलेल्या माणसाने तिकीट मागितलं तेव्हा तो उठला आणि कुठे जायचं हे त्याला दोनदा विचारलं. मी पोलादपूरला उतरले तेव्हा दारातूनच म्हणाला, "उद्या रजा टाकतो. घेऊन येतो तिला."

संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं, फोनसकट, रेघेसकट. सर एवढंच म्हणाले, "फाईल आण." माझी ओळ त्यांनी वाचली आणि मुंबईच्या डॉक्टरांना माझ्यासमोरच फोन लावला. पुढच्याच आठवड्यातली वेळ मिळाली. मग म्हणाले, "उद्या त्यांच्याशी तूच बोलायचंस." नोकरीत खाल्लेली सगळ्यात मोठी बोलणी ती, आणि त्यात एकही कडक शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिघं आली. कंडक्टर, त्याची बायको आणि त्याची आई. मी पुन्हा बैलांपासून सुरुवात केली. सुईने पोटातलं थोडं पाणी काढून तपासतात, असं म्हटल्यावर सासूबाई सावध झाल्या. "गो बाय, ती तपासनी बंद हाय ना? मुलगा का मुलगी बघायची? ह्याची नोकरी जायची." मी सांगितलं, मुलगा की मुलगी ते कुणी बघणार नाही आणि विचारलं तरी सांगणार नाही. फक्त रक्त बघायचं. त्यांना ते पटायला बराच वेळ लागला.

मी त्याच्या बायकोलाही सांगितलं की हे तीन आठवडे माझ्यामुळे वाया गेले, मला माफ करा. तिने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "वाया नाय गेले. तीन आठवडे मी खुशीत होते. तुम्ही नीट सांगितलं असतंत तं तेवढे पन मिळाले नसते." हे तिने रागाने म्हटलं की मायेने, मला अजून कळलेलं नाही.

निघताना ती आमच्या वॉर्डच्या दारात थांबली. आत चार पोरांना रक्त चालू होतं. ती माझी हात लपवणारी मुलगीही होती, एका हाताला नळी आणि दुसऱ्या हाताने चित्र रंगवत बसलेली. बाईने तिच्या आईला विचारलं, "किती वर्षं?" आई म्हणाली, "सहा महिन्यांची असल्यापासनं." बाई जरा वेळ चित्राकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, रिपोर्ट कसाही आला तरी पुढे काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, काहीही ठरवलंत तरी आम्ही तुमच्याबरोबर आहोत. ती म्हणाली, "मी ठरवलंय. पन आज सांगनार नाय." नवऱ्यालाही तिने सांगितलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

मुंबईची तपासणी झाली. पुढचे दोन आठवडे मी रोज सकाळी ईमेल उघडत होते. सुई तेवढी बसत होती, बाकी माझं कशात लक्ष नव्हतं. सगळ्या पत्रकांवरचा 'वाहक' मी स्वतः पेनाने खोडला. दीडशे पत्रकं होती, बोटं दुखली, तेवढं भोगायलाच हवं होतं. आई म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." एरवी मी भांडले असते.

रिपोर्ट आला तो दुपारी. मी दोनदा वाचला, सरांना दाखवला, त्यांनीही दोनदा वाचला. सरांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी स्कूटीची किल्ली उचलली.

पोलादपूर सोडून आत वळलं की रस्ता अरुंद होतो आणि चढ लागतो. गाव विचारत विचारत पोचले. ती पडवीत पाटावर बसून बिरड्याचे वाल सोलत होती. नवरा ड्यूटीवर, सासू शेजारी गेलेली. मला बघून तिचा हात भांड्यातच थांबला. बसा म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि आधी शेवटचं वाक्य सांगितलं.

"बाळाला मोठा आजार नाही. एक बैल अधू, एक धड. तुमच्यासारखंच. रक्त चढवावं लागणार नाही."

ती नुसती बघत राहिली. मान हलवली नाही. आपल्याकडे मान हलवली म्हणजे कळलं असं नसतं, आणि न हलवली म्हणजे कळलं नाही असंही नसतं, एवढं मी आता शिकले होते. म्हणून मी म्हटलं, "मी काय सांगितलं, ते आता तुम्ही मला सांगा."

ती हळू, एकेक शब्द लावत बोलली. "माझ्या बाळाला रगत चढवायला लागनार नाय."

"बरोबर."

तिचे डोळे भरून वाहायला लागले, तरी पुसले नाहीत, हात वालाच्या पाण्याने ओले होते. म्हणाली, "परत विचारा ना."

मी परत विचारलं.