घाटात पुकारलेलं नाव

मित्रहो, आमच्याकडे शर्यतीचा बैलगाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, आला की स्पीकरवरून मालकाच्या लाडक्या लेकीचं नाव पुकारतात. प्रथा गोड आहे. आज दुपारी मात्र अकरावीतल्या सुयोगच्या गाड्याला पुकारलं, "सौ. वैष्णवी सुयोग..." आणि पुढे आडनाव त्याचं.

वैष्णवी त्याच्याच वर्गात आहे, वय सोळा. महिन्यापूर्वी तिने त्याला तोंडावर नाही म्हणून सांगितलं होतं.

गाडा सुरेख पळाला. शिट्ट्या पडल्या.

मी सुयोगला बाजूला घेतलं. "काय हे, राजे?"

"सर, पुरुषानं माघार घ्यायची नसती. आता समद्या तालुक्याला कळलं, ती माझी हाय."

दहावीपर्यंत याला संस्कृत मी शिकवलं. चार पुरुषार्थ सांगितले, त्याने स्वतःच्या बुद्धीने पाचवा शोधला.

संध्याकाळी वैष्णवीच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "शिक्षण बास झालं, सर. उद्या मामाकडं धाडतो तिला."

"अहो, चूक त्या पोराची आहे."

"त्याला काय व्हतंय? तो पोरगा हाय."

 वैष्णवीला अवसरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करायचं होतं. निघताना दारात एवढंच म्हणाली, "सर, तुमीबी टाळ्या वाजवत व्हता."

वाजवत होतो. नाव ऐकल्यावरसुद्धा.

आज घाटात तुमच्यापैकी बरेच जण होतात. एकाचे तरी हात थांबले होते का?