नाताळच्या प्रश्नाचं उत्तर

पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या सोसायटीत दर डिसेंबरला सामान्य ज्ञानाची स्पर्धा असते. गेल्या वर्षी इतिहास, विज्ञान, भूगोल, तिन्ही फेऱ्यांत मी पुढे होते. शेवटचा, सर्वाधिक गुणांचा प्रश्न आला, "नाताळात घरोघरी कोणता गोड पदार्थ करतात?" मी म्हणाले, "करंज्या." हॉलभर हशा पिकला. प्रश्न विचारणारे सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, दिवाळी झाली! उत्तर केक." मी हरले.

राग हरल्याचा नव्हताच. उत्तनहून मासळी घेऊन येणाऱ्या ख्रिस्ती मावशी कित्येक वर्षं मला नाताळात करंज्यांचा डबा देतात. तो काय मी स्वप्नात खाल्ला? यंदा प्रश्न मीच काढणार, असं मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं, आणि काढले. परीक्षक म्हणून मावशींना बसवलं.

शेवटी मुद्दाम तोच प्रश्न विचारला. सेक्रेटरींनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. "केकच! मोबाइलमध्ये बघा."

मावशींनी मांडीवरचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. "केक आमी बेकरीतून इकत आनतो," त्या म्हणाल्या. "घरात करतो, त्या ह्या."